भंगारातल्या ‘ड्यूक’ची फेरसुनावणी

१/ १९६७ साली वेल्समधील बॅरी या बंदरगावी एक वाफेचे इंजिन ओढत आणण्यात आले. त्याचे वय जेमतेम तेरा वर्षांचे होते. बाहेरच्या बाजूचे दोन्ही सिलिंडर काढून घेतलेले असल्याने ते स्वतःच्या बळावर एक फूटही सरकू शकत नव्हते. क्रमांक ७१०००, नाव ‘ड्यूक ऑफ ग्लॉस्टर’. ब्रिटिश रेल्वेच्या इतिहासात त्याच्यावर एकच शेरा होता : फसलेला प्रयोग. पुढे हा शेरा पुसला गेला, आणि तो पुसला सुट्टीच्या दिवशी तेलकाजळीत हात माखणाऱ्या हौशी मंडळींनी. त्यांची ही कथा.

२/ आरंभ एका भीषण अपघातापासून करावा लागतो. ८ ऑक्टोबर १९५२ रोजी सकाळी लंडनजवळच्या हॅरो अँड वील्डस्टोन स्थानकात उभ्या असलेल्या लोकल गाडीवर मागून पर्थहून येणारी एक्स्प्रेस आदळली. काही क्षणांतच समोरून आलेली तिसरी गाडी त्या ढिगाऱ्यात घुसली. ११२ माणसे दगावली. तिसऱ्या गाडीच्या जोड-इंजिनांपैकी ‘प्रिन्सेस अ‍ॅन’ हे बलाढ्य इंजिन दुरुस्तीच्या पलीकडे गेले. लांब पल्ल्याच्या जड गाड्या ओढणाऱ्या इंजिनांच्या ताफ्यात एक जागा रिकामी झाली.

३/ ब्रिटनच्या रेल्वे कंपन्यांचे १९४८ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले होते. नव्या रेल्वेचे यांत्रिक प्रमुख रॉबर्ट रिडल्स यांनी सर्व विभागांना चालतील अशा प्रमाणित इंजिनांची मालिका हाती घेतली होती. १९५१ ते १९६० या काळात अशी ९९९ इंजिने बांधली गेली. सर्वांत शक्तिशाली वर्गाचे इंजिन बांधण्याची परवानगी मात्र रिडल्स यांना मिळत नव्हती. अपघातानंतर ती मिळाली. १९५४ मध्ये क्रू येथील कारखान्यातून ‘ड्यूक’ बाहेर पडला. त्या वर्गातला तो पहिला होता, आणि शेवटचाही.

४/ रचनेत तो आपल्या काळाच्या पुढे होता. ४-६-२ अशी चाके, तीन सिलिंडर आणि इटालियन अभियंता आर्तुरो काप्रोत्ती यांच्या कल्पनेवर आधारलेली झडपयंत्रणा. नेहमीच्या इंजिनात एकच झडप मागेपुढे सरकून सिलिंडरात वाफ आत घेते आणि बाहेरही सोडते. काप्रोत्ती पद्धतीत फिरत्या कॅमवर चालणाऱ्या वेगवेगळ्या झडपा ही दोन्ही कामे स्वतंत्रपणे करतात. त्यामुळे वाफेचा प्रत्येक श्वास अधिक काटेकोरपणे वापरता येतो.

५/ प्रत्यक्षात मात्र फायरमन वैतागले. चढावर, जड गाडी मागे असताना, म्हणजे नेमकी गरज असेल तेव्हा वाफेचा दाब पडू लागे. कोळसा मात्र भरपूर खर्ची पडे. स्विंडनच्या चाचणी केंद्रात या इंजिनाची तपासणी झाली तेव्हा विचित्र निकाल हाती आला : सिलिंडरांची कार्यक्षमता उत्कृष्ट, पण बॉयलर अपेक्षेइतकी वाफ देत नाही. दोष कुठल्या दिशेला आहे, याचा धागा कागदावर आला होता. तो शेवटपर्यंत ओढून पाहण्याची कोणाला निकड नव्हती.

६/ कारण काळ फिरला होता. रिडल्स १९५३ मध्येच निवृत्त झाले होते. १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेने वाफेला निरोप आणि डिझेल-विजेला आमंत्रण दिले. ज्या तंत्रज्ञानाचा शेवट ठरलेला आहे, त्यातल्या एकुलत्या एका इंजिनाचे दुखणे शोधण्यात कोण वेळ घालवणार? १९६२ मध्ये, आठ वर्षांच्या सेवेनंतर, ‘ड्यूक’ बाद झाला. आधी तो राष्ट्रीय संग्रहासाठी राखून ठेवायचा विचार होता. पुढे ठरले, की एक सिलिंडर आणि झडपयंत्रणा लंडनच्या सायन्स म्युझियमसाठी ठेवावी, उरलेले भंगारात.

७/ भंगाराचा व्यवहारही समजून घ्यायला हवा. १९५५ च्या सुमारास ब्रिटिश रेल्वेकडे वाफेची सुमारे अठरा हजार इंजिने होती. ११ ऑगस्ट १९६८ रोजी मुख्य मार्गांवरील वाफेची शेवटची गाडी धावली. मधल्या तेरा-चौदा वर्षांत हा अवाढव्य ताफा मोडीत काढायचा होता. रेल्वेच्या स्वतःच्या कारखान्यांना हे काम झेपेना, म्हणून खासगी भंगारवाल्यांना इंजिने विकली जाऊ लागली. त्यांपैकी एक होते बॅरीचे वुडम बंधू.

८/ बॅरी हे कोळशाचे बंदर. १९१३ मध्ये येथून एक कोटी दहा लाख टनांहून अधिक कोळसा जहाजांनी गेला. पुढे तो व्यापार ओसरला आणि कोळशाच्या वाघिणींसाठी टाकलेले मैलोन्‌मैल रूळ मोकळे पडले. त्या रुळांवर वुडम यांची इंजिने रांगेने उभी राहिली. कोळशाच्या जगाने स्वतःसाठी बांधलेल्या अंगणातच त्या जगाची यंत्रे मोडीची वाट पाहू लागली.

९/ एकूण २९७ इंजिने वुडम यांनी घेतली. मग ती तोडली का गेली नाहीत? येथे भावनेपेक्षा हिशेब महत्त्वाचा ठरला. रेल्वे त्याच सुमारास मालवाहू वाघिणीही मोठ्या संख्येने विकत होती. वाघीण तोडणे सोपे, पैसा लवकर सुटतो. इंजिन तोडणे जिकिरीचे. त्यात पोलाद, तांबे, पितळ सगळे एकमेकांत गुंतलेले. मालक डाय वुडम यांनी ठरवले, की आधी वाघिणी, आणि काम आटले की इंजिने. वाघिणी वर्षानुवर्षे येतच राहिल्या. इंजिनांची पाळी लांबत गेली.

१०/ दरम्यान ब्रिटनमध्ये एक पिढी वयात आली होती. १९४२ पासून इयन अ‍ॅलन या तरुणाने इंजिनांच्या क्रमांकांच्या छोट्या पुस्तिका छापायला सुरुवात केली होती. हजारो मुले फलाटाच्या टोकाला उभी राहून दिसलेल्या क्रमांकाखाली रेघ मारत. वडीलधाऱ्यांना तो पोरखेळ वाटे. पण त्या खेळातून एक सवय जडली : प्रत्येक इंजिन वेगळे असते, आणि ते कुठे आहे याची नोंद ठेवायची असते. मोडीचे सत्र सुरू झाले तेव्हा हीच मुले कमावती झाली होती.

११/ हौशी लोक रेल्वे चालवू शकतात, याचा दाखलाही त्यांच्यासमोर होता. वेल्समधील तालिलिन ही अरुंद मापाची जुनी रेल्वे बंद पडण्याच्या बेतात असताना ऑक्टोबर १९५० मध्ये लेखक टॉम रोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्मिंगहॅममध्ये सभा बोलावली. मे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवलेली पहिली गाडी तेथे सुटली. स्वयंसेवकांनी वाचवलेली ही जगातली पहिली रेल्वे मानली जाते.

१२/ सप्टेंबर १९६८ मध्ये बॅरीच्या आवारातून पहिले इंजिन वाचवून यॉर्कशरला नेण्यात आले. मग ओघ सुरू झाला. वुडम भंगाराच्या भावाने किंमत सांगत. पैसे जमेपर्यंत इंजिन राखूनही ठेवत. गटागटाने माणसे येत, वर्गणी काढत आणि गंजलेल्या पत्र्यावर रंगाने लिहून जात, की हे इंजिन ठरले आहे, तोडू नका. समुद्राचा खारा वारा मात्र थांबत नव्हता. पितळी भाग, तांब्याच्या नळ्या चोरीला जात होत्या. १९८० मध्ये काम आटले तेव्हा दोन इंजिने तोडलीही गेली. उरलेल्यांसाठी धावपळ वाढली. जानेवारी १९९० मध्ये शेवटचे इंजिन आवाराबाहेर पडले. २९७ पैकी २१३ वाचली.

१३/ या २१३ मध्ये ‘ड्यूक’ही होता. त्याला हात लावणे मात्र वेडेपणाचे मानले जाई. इतर इंजिनांना भावंडे होती. एकाचा भाग दुसऱ्याला बसवता येई. ‘ड्यूक’ एकुलता एक. त्याचे सिलिंडर नव्याने ओतायचे, काप्रोत्ती यंत्रणा जवळपास शून्यातून उभारायची, तीही मोठ्या कारखान्याशिवाय. तरी एका गटाने १९७४ मध्ये तो बॅरीहून लाफबरोच्या ग्रेट सेंट्रल रेल्वेवर आणला. पुढची बारा वर्षे सुटे भाग, मूळ आराखडे, मोजमापे आणि वर्गण्या यांत गेली.

१४/ आणि मोजमापे घेतानाच ती गोष्ट लक्षात आली. तेथे जाण्याआधी वाफेच्या इंजिनाचा श्वास समजून घेऊ. सिलिंडरांत काम करून झालेली वाफ धुराड्यातून जोराने वर फेकली जाते. ती जाताना मागे पोकळी निर्माण करते. त्या ओढीने भट्टीखालच्या राखपेटीच्या झरोक्यांतून हवा आत खेचली जाते आणि आग फुलते. इंजिन जितके कष्ट करील, तितकी आग आपोआप भडकते. चुलीच्या तोंडाशी राख साचली किंवा वरून धूर कोंडला, की लाकूड कितीही घाला, जाळ धरत नाही, येथेही तेच.

१५/ ‘ड्यूक’च्या राखपेटीचे झरोके आराखड्यात दाखवल्यापेक्षा लहान बनवले गेले होते. धुराडेही त्याच्या ताकदीच्या मानाने अरुंद होते. म्हणजे खालून हवा कमी आणि वरून ओढ अपुरी. आग उपाशी, म्हणून वाफ अपुरी. वाफ टिकवण्यासाठी फायरमन आणखी कोळसा टाकणार, आणि तो धड जळणार नाही. आठ वर्षे ज्या दोषासाठी संपूर्ण संकल्पनेला नावे ठेवली गेली, त्याचे मूळ मुख्यतः अशा बांधणीतल्या चुकांत होते.

१६/ १९८६ मध्ये ‘ड्यूक’ पुन्हा वाफेवर चालला. झरोके योग्य मापाचे झाले. पुढे धुराड्याची व्यवस्थाही बदलून अधिक परिणामकारक पद्धतीची बसवण्यात आली. तशी सूचना मूळ बांधणीच्या वेळीही झाली होती, पण ती बाजूला ठेवली गेली होती. १९९० पासून तो मुख्य मार्गावर धावू लागला. जे इंजिन चढावर धाप टाकत असे, ते आता ब्रिटनच्या सर्वांत समर्थ वाफेच्या इंजिनांत गणले जाऊ लागले.

१७/ इतिहासाच्या अभ्यासकाला येथे थांबावेसे वाटेल. आराखडा हा हेतूचा पुरावा असतो, घडणीचा नव्हे. चाचणीचा अहवाल परिणाम सांगतो. कारण सांगेलच असे नाही. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी खऱ्या असतात, पण दोष कुणाचा हे त्यातून ठरत नाही. ‘ड्यूक’ची कागदपत्रे असती आणि धातू नसता, तर ‘फसलेला प्रयोग’ हा निष्कर्ष अढळ राहिला असता. ती तफावत उघड झाली, कारण कोणीतरी आराखडा एका हातात आणि मोजपट्टी दुसऱ्या हातात घेऊन त्या गंजलेल्या राखपेटीत शिरले.

१८/ संग्रहालयाने त्यातून एक सिलिंडर निवडला, कारण झडपयंत्रणा हेच या इंजिनाचे वैशिष्ट्य होते. त्या निवडीत चूक नव्हती. पण दोष होता तो कोणाच्याही डोळ्यांत न भरणाऱ्या राखपेटीत, जी जपून ठेवण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही. एखाद्या वस्तूतले काय महत्त्वाचे आहे, हे जपणाऱ्याला आधीच माहीत असते असे धरून चालण्यातला हा धोका आहे.

१९/ आक्षेपही रास्त आहेत. नवे सिलिंडर, नवी झडपयंत्रणा, बदललेले धुराडे. मग हा १९५४ चा ‘ड्यूक’ म्हणायचा का? चुका दुरुस्त करताना त्या चुकांचा पुरावाही पुसला जातो, म्हणून दुरुस्तीपूर्वीची मापे आणि छायाचित्रे इंजिनाइतकीच मोलाची ठरतात. शिवाय ‘ड्यूक’ निर्दोष होता म्हणून वाफेचे युग टिकायला हवे होते, असेही सिद्ध होत नाही. डिझेल आणि विजेकडे जाण्याची कारणे एका इंजिनाच्या राखपेटीपेक्षा पुष्कळ मोठी होती.

२०/ सिद्ध होते ते इतकेच : १९६२ मध्ये दिलेला निकाल अपुऱ्या पुराव्यावर होता. फेरसुनावणी शक्य झाली, कारण एका भंगारवाल्याला वाघिणी तोडणे जास्त किफायतशीर वाटले, आणि काही माणसांना बारा वर्षांच्या सुट्ट्या एका अपेशी ठरलेल्या यंत्रावर खर्च कराव्याशा वाटल्या. डाय वुडम १९९४ मध्ये वारले. त्यांच्या आवारात तोडण्यासाठी आणलेल्या इंजिनांपैकी कित्येक ब्रिटनच्या वारसा-रेल्वेंवर प्रवाशांना घेऊन धावली आहेत.