परळची लस आणि चाचणीचे प्राणी

1896 मध्ये मुंबईत प्लेग उसळला, तेव्हा मोरा, रेवस आणि धरमतर या बंदरांतून शहराशी नित्य ये-जा असलेला कुलाबा जिल्हा, म्हणजे आजच्या रायगडचा किनारा, त्या साथीपासून अलिप्त राहणे शक्य नव्हते. या साथीवरची लसही समोरच्या मुंबईतच तयार झाली. जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन बोकडाच्या मांसाच्या अर्कात प्लेगचे जंतू वाढवीत आणि त्यावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडीत, तेव्हा त्या थेंबांखाली जंतूंची वाढ लोंबत्या झुंबरासारखी दिसे. पुढे जंतू उष्णतेने मारून त्यात कार्बोलिक आम्ल, म्हणजेच फिनॉल, मिसळले जाई. सशांवरील प्रयोगांनंतर 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली.

30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मल्कोवाल येथे एकाच बाटलीतील लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली आणि दोष हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेवर आला. मात्र बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक झाला नव्हता, हे चौकशीतील साक्षीतच नोंदलेले होते, आणि त्याच आधारे रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी 1907 मध्ये हाफकिन यांची बाजू उघडपणे मांडली.

धनुर्वाताचे विष आणि जादा फिनॉल हे दोन दोष उपचारासाठी टोचल्या जाणाऱ्या रक्तद्रवात शोधण्यासाठीच विसाव्या शतकाच्या आरंभी गिनीपिग व उंदरांना तयार औषध टोचून काही दिवस पाहण्याची चाचणी रूढ झाली, आणि पुढे ती लशींनाही लागू झाली. मल्कोवालची बाटली मात्र परळमध्ये कितीही प्राण्यांवर तपासली असती तरी तो दोष उघड झाला नसता, कारण तो नंतर शिरला होता. गुणवत्ता अखेरच्या चाचणीने नव्हे, तर निर्मितीपासून टोचणीपर्यंतच्या प्रत्येक पायरीवरील नियंत्रणाने राखावी लागते, हा प्राण्यांवरील ती चाचणी वगळण्याच्या आजच्या सुधारणेमागील विचार त्या घटनेत आधीच दडलेला होता. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने ही चाचणी वगळण्याची शिफारस केली. रेबीजच्या लशीचा जोर मोजण्यासाठी मात्र उंदरांच्या मेंदूत विषाणू टोचण्याची जुनी वेदनादायक पद्धत अनेक ठिकाणी टिकून आहे, आणि तिच्या जागी विषाणूच्या आवरणावरील प्रथिन प्रतिपिंडांच्या साहाय्याने थेट मोजणारी पद्धत आणण्याचे काम अजून चालू आहे.