प्रश्न, उत्तर आणि त्यांमधली वाट



माझ्या हातून घडलेल्या एका अन्यायापासून आजच्या विषयाला प्रारंभ करतो. सामान्य ज्ञानाच्या एका स्पर्धेत मी परीक्षक होतो. 'पहिला भारतीय चित्रपट कोणता?' असा प्रश्न होता आणि माझ्यापुढील कागदावर 'राजा हरिश्चंद्र' हे उत्तर लिहिलेले होते. एका विद्यार्थ्याने 'श्री पुंडलिक' असे सांगितले. मी त्याला शून्य गुण दिले. तो काही न बोलता खाली बसला. घरी येऊन पुस्तके चाळली तेव्हा कळले की, त्या मुलाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते.

दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये १८ मे १९१२ रोजी दाखविला गेला. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्याच चित्रगृहात आला तो ३ मे १९१३ रोजी, म्हणजे जवळजवळ एक वर्षाने. मग पहिलेपणाचा मान फाळक्यांना का दिला जातो? 'पुंडलिक' हे रंगभूमीवरील नाटकाचेच चित्रण होते. ते इंग्रज छायाचित्रकाराने केले आणि फिल्मवरील प्रक्रियेसाठी ती लंडनला पाठवावी लागली. फाळके मात्र १९१२ साली स्वतः समुद्रप्रवास करून विलायतेस गेले, तेथून कॅमेरा घेऊन परतले आणि कथेपासून फिल्म धुण्यापर्यंतची सर्व कामे त्यांनी येथेच पार पाडली. म्हणून 'राजा हरिश्चंद्र' हा पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथापट ठरतो. उत्तर बरोबर होते. प्रश्न मात्र अर्धवट होता, आणि अर्धवट प्रश्नाची शिक्षा मी पूर्ण उत्तराला दिली.

त्या दिवसापासून मी प्रत्येक उत्तराला 'तू येथवर कोणत्या वाटेने आलास?' असे विचारू लागलो. ही विचारणा म्हणजेच इतिहासाचा अभ्यास होय, असे माझे नम्र मत आहे. आपल्या देपालपुरात त्यासाठी ग्रंथालयाचीही गरज नाही. बाजारापासून आरंभ करता येतो.

आपल्या मराठी घरांत 'बटाटा' म्हणतात, आणि दाराबाहेर पाऊल टाकताच तोच 'आलू' होतो. 'आलू' हा मूळचा संस्कृत शब्द. तो आधी इतर कंदांना लावीत आणि परदेशाहून नवा कंद आल्यावर त्यालाही तेच नाव मिळाले. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या 'बटाटा' शब्दाचे मूळ कॅरिबियन बेटांवरील टाइनो लोकांच्या भाषेत असून तेथे त्याचा अर्थ रताळे असा होता. वास्को द गामा १४९८ साली कालिकतजवळ उतरला, १५१० साली गोवे पोर्तुगीजांच्या हाती गेले, आणि त्यानंतर त्यांच्या गलबतांतून मालाबरोबर शब्दही उतरू लागले. चावी, पाव, पगार, काडतूस, घमेले ही सारी त्याच बंदरातली मंडळी. मंडीत होणाऱ्या विक्रीला आपण 'लिलाव' म्हणतो आणि आपले शेजारी 'नीलाम' म्हणतात. पण दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे आहेत. समुद्र येथून शेकडो मैल दूर असूनही त्याची भरती देपालपुरापर्यंत आलेली आहे.

हा व्यवहार एकतर्फी नव्हता. कान्होजी आंग्रे यांच्या आरमारात 'गुराब' नावाची लढाऊ जहाजे होती. हा शब्द अरबी असून त्याचा अर्थ कावळा. इंग्रज खलाशांनी तो उचलून 'ग्रॅब' केला आणि आपल्या कागदपत्रांत नोंदविला.

साहित्यातही असेच आहे. हिंदीत ज्याला 'उपन्यास' म्हणतात त्यास आपण 'कादंबरी' म्हणतो. हर्षवर्धनाच्या राजसभेतील बाणभट्टाने सातव्या शतकात जी गद्यकथा रचली, तिच्या नायिकेचे नाव कादंबरी. कथा अपुरी राहिली व ती त्याच्या पुत्राने पूर्ण केली. पुढे एका नायिकेचे नाव मराठीत साऱ्या वाङ्मयप्रकाराचे नाव होऊन बसले. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाले, त्यालाही आज आपण सहजपणे कादंबरीच म्हणतो.

येथे सावधगिरीचा एक शब्द सांगणे आवश्यक आहे. ध्वनीचे साम्य म्हणजे पुरावा नव्हे. जवळच्या गौतमपुऱ्याचे नाव मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्याशी निगडित आहे. आपल्या गावाचे नाव परमार राजा देवपाल याच्यावरून पडले, असे परंपरा सांगते. देवपाल हा ऐतिहासिक पुरुष होता, यात शंका नाही. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातील त्याचे लेख उपलब्ध आहेत. परंतु राजा होऊन गेला हे एक विधान आणि गाव त्याने वसविले हे दुसरे. पहिल्याला लेखाचा आधार आहे, दुसऱ्याला परंपरेचा. अभिमान दोहोंचा बाळगावा. मात्र उत्तरपत्रिकेत ती दोन निरनिराळ्या ओळींत लिहावीत.

मित्रहो, घरातले 'बटाटा', 'लिलाव', 'कादंबरी' हे शब्द आपल्या मुलांच्या तोंडून हळूहळू गळत आहेत. 'आलू' म्हटल्याने कोणाचे पोट उपाशी राहत नाही, हे खरे. पण जो शब्द गेला, त्याच्याबरोबर त्याने तुडवलेली वाटही जाते. आणि ती पुन्हा दाखविणारा दुसरा वाटाड्या नसतो. म्हणून दोन्ही शब्द राखा, आणि दोघांनाही त्यांचे गाव विचारा.

त्या विद्यार्थ्याचे गुण मला आता परत करता येत नाहीत. यापुढे एवढेच करतो की, कागदावर नसलेले उत्तर आले की शून्य लिहिण्यापूर्वी विचारतो, "बाळ, हे तुला कोठून कळले?" आपल्या गुरुजनांनीही हा प्रश्न वर्गात विचारावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.