बेरेंटीचे लेमूर आणि अ‍ॅलिसन जॉली

मादागास्करच्या दक्षिण भागात मांद्रारे नदीच्या काठी बेरेंटी हे एक छोटे राखीव जंगल आहे. भोवतालचा मुलूख कोरडा आणि काटेरी झुडपांचा. नदीच्या ओलाव्यावर मात्र चिंचेचे मोठमोठे वृक्ष वाढले आहेत. १९३६ साली एक फ्रेंच कुटुंब येथे आले. स्थानिक तांद्रॉय लोकांशी बोलणी करून त्याने घायपाताचे मळे घातले. त्यासाठी बरेच रान तुटले, पण चिंचेच्या जंगलाचा एक पट्टा या कुटुंबाने मुद्दाम राखला. १९६३ मध्ये अ‍ॅलिसन जॉली तेथे पोचल्या, आणि नरवानर गणाच्या अभ्यासात या पट्ट्याला कायमचे स्थान मिळाले.

जॉली यांचा जन्म १९३७ मध्ये अमेरिकेतील इथाका येथे झाला. १९६२ मध्ये त्यांनी येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्या काळी संशोधकांचा ओढा आफ्रिकेतील बबून, चिंपांझी आणि गोरिलांकडे होता. मानवाच्या पूर्वजांचे कोडे तेथेच सुटेल, अशी समजूत होती. लेमूर हे त्याच गणातले, पण फार पूर्वी वेगळ्या पडलेल्या शाखेचे प्राणी. ते मूळचे फक्त मादागास्करचे. त्यांच्याकडून काही मोठे शिकता येईल, असे फार थोड्यांना वाटत होते.

जॉली यांनी मुख्यतः काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या शेपटीचे लेमूर अभ्यासले. हे लेमूर कळप करून राहतात आणि सकाळी पोट उन्हाकडे करून बसतात. नरांच्या मनगटांवर गंधग्रंथी असतात. भांडणाच्या वेळी नर आपली शेपटी मनगटांवर घासतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने हलवून वास सोडतो. पण या दिमाखाला कळपात फारसे वजन नाही. मादी नराच्या हातातली चिंच सरळ काढून घेते, वर त्याला एक चापटही देते. नर प्रतिकार न करता बाजूला होतो. कळपातली कोणतीही प्रौढ मादी कोणत्याही नराला हटवू शकते, ही जॉली यांची नोंद त्या काळी धक्कादायक होती. नराचे वर्चस्व हाच निसर्गनियम असे मानणाऱ्या सिद्धांताला तिने तडा दिला. १९६६ मध्ये ‘लेमूर बिहेव्हियर’ या ग्रंथात हे निरीक्षण सविस्तर आले.

त्याच वर्षी ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. वस्तू हाताळून कोडी सोडवण्यात लेमूर माकडांच्या मागे पडतात. मात्र कळपातले त्यांचे नातेव्यवहार माकडांसारखेच गुंतागुंतीचे असतात. यावरून जॉली यांनी असा तर्क मांडला की या गणात समाजजीवन आधी आले आणि बुद्धीची वाढ त्याच्या गरजेतून झाली. बुद्धीचे मूळ हत्यारांत शोधणाऱ्या काळात हा विचार धाडसी होता. पुढे अनेक संशोधकांनी याच दिशेने काम केले. जॉली यांच्या कामातला हा भाग सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल.

जंगल राखण्याच्या प्रश्नाकडे त्यांनी माणसांना वगळून पाहिले नाही. भातासाठी रान जाळून केली जाणारी कुमरी शेती मादागास्करची वने खात होती, पण ती करणारा शेतकरी गरिबीने घेरलेला आहे, हेही त्या ठामपणे सांगत. १९८० च्या ‘अ वर्ल्ड लाइक अवर ओन’ या पुस्तकात बेटावरील माणूस आणि निसर्ग दोघांचीही कहाणी आहे. पुढे हांता रासामिमानाना या मालागासी संशोधिकेबरोबर त्यांनी मुलांसाठी ‘आको’ ही पुस्तकमाला मालागासी आणि इंग्रजी भाषांत तयार केली. आको हे आय-आय जातीच्या लेमराचे पिल्लू. आय-आय दिसणे अशुभ मानून अनेक गावांत त्याला मारून टाकत. मुलांच्या मनातली ही भीती घालवणे फार गरजेचे होते.

२००६ मध्ये उंदराएवढ्या लेमरांच्या एका नव्या जातीला ‘मायक्रोसेबस जॉलीए’ हे नाव देऊन शास्त्रज्ञांनी त्यांचा गौरव केला. ६ फेब्रुवारी २०१४ रोजी इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. ज्या प्राण्यांसाठी त्यांनी अर्धशतक वेचले, त्यांच्यावरचे संकट मात्र वाढतच गेले. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत लेमरांच्या १०७ जातींपैकी १०३ जाती धोक्यात असल्याची नोंद झाली. त्यांपैकी ३३ जाती नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर होत्या.