तापल्या पोलादाचा रंग

जुन्या लष्करी रायफलींचा संग्रह करणाऱ्या एखाद्या अमेरिकन गृहस्थाच्या हातीं ‘स्प्रिंगफील्ड १९०३’ या जातीची रायफल आली, म्हणजे तो प्रथम तिचें लाकूड पाहत नाहीं, नळींतून डोकावत नाहीं, किंवा किंमतही विचारीत नाहीं. तो तिच्यावर कोरलेला क्रमांक वाचतो. स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेंत घडलेल्या रायफलीचा क्रमांक ८,००,००० च्या आंत असला, अथवा रॉक आयलंड येथील शस्त्रशाळेंतल्या रायफलीचा क्रमांक २,८५,५०७ च्या आंत असला, तर तो जाणता संग्राहक ती आनंदानें विकत घेईल, पुसूनपासून कपाटांत ठेवील, मित्रांना कौतुकानें दाखवील. परंतु तिच्यांत काडतूस घालून ती झाडण्यापूर्वीं शंभर वेळां विचार करील, आणि बहुधा झाडणारच नाहीं. एका आंकड्याला एवढें महत्त्व कां आलें, याची हकीकत आज सांगावयाची आहे. वरकरणी ती बंदुकीची हकीकत आहे. वस्तुतः ती माणसाच्या डोळ्यांची आहे.

इ. स. १८९८ मध्यें अमेरिका व स्पेन यांचें युद्ध जुंपलें. क्यूबा बेटांतील लढायांत अमेरिकेच्या खड्या फौजेजवळ क्रॅग नांवाची, मूळ नॉर्वेंत जन्मलेली रायफल होती. स्वयंसेवक पलटणींपैकीं पुष्कळांजवळ तर एका वेळीं एकच काडतूस घेणारी आणि काळ्या दारूच्या धुरानें आपली जागा शत्रूला दाखवून देणारी जुनी बंदूक होती. स्पॅनिश शिपायांच्या हातीं जर्मन पद्धतीची मौजर रायफल होती. पट्टींत बसविलेलीं पांच काडतुसें तिच्यांत अंगठ्याच्या एका दाबासरशीं भरतां येत. क्रॅगच्या पेटींत तीं एकेक सुटीं घालावीं लागत. या अनुभवाचा धडा अमेरिकन लष्करानें तत्काळ घेतला. १९०३ सालीं नवी रायफल मुक्रर झाली. मौजरशीं तिचें साम्य इतकें उघड होतें कीं, अमेरिकन सरकारला हक्कांपोटीं मौजर कंपनीस दोन लाख डॉलर द्यावे लागले. पुढें १९०६ सालीं तिच्यासाठीं अधिक वेगवान गोळीचें नवें काडतूस आलें, आणि अचूक नेमाची रायफल म्हणून तिचा लौकिक सर्वत्र पसरला.

आतां या रायफलीचा एक भाग आपण नीट ध्यानांत घ्यावा. नळीच्या मागच्या टोंकाला पोलादाचा एक सांगाडा जोडलेला असतो. त्याला रिसीव्हर म्हणतात. त्याच्यांत बोल्ट मागेंपुढें सरकतो, काडतूस नळींत ढकलतो आणि दार लावून घ्यावें तसा नळीचें तोंड बंद करून बसतो. काडतूस पेटलें कीं त्याचा सारा रेटा या बोल्टवर आणि त्याला धरून ठेवणाऱ्या रिसीव्हरवर येतो. आणि नेमबाजाचा डोळा तेथून चार बोटांवरच असतो. म्हणून हें पोलाद वरून कठीण आणि आंतून चिवट असावें लागतें. नुसतें कठीण पोलाद कांचेसारखें तडकतें. नुसतें मऊ पोलाद झिजतें. हा मेळ साधतो तो तापविण्यानें आणि पाणी पाजण्यानें.

गांवच्या लोहाराच्या भात्यापाशीं आपण लहानपणीं उभे राहिलां असाल, तर आपणांस आठवेल कीं, लोखंड किती तापलें हें तो मोजीत नाहीं, तो पाहतो. तांबडें झालें, नारिंगी झालें, पिवळें झालें, कीं त्याला काय तें समजतें. स्प्रिंगफील्ड व रॉक आयलंड येथील मोठमोठ्या कारखान्यांतही त्या काळीं हीच रीत होती. घणाखालीं घालण्यासाठीं तापविलेल्या रिसीव्हरचा रंग पाहून कसलेला कारागीर ‘पुरे’ म्हणे. उष्णता मोजण्याचें पायरोमीटर नांवाचें उपकरण जगांत होतें. पण ज्याची हयात भट्टीपुढें गेली, त्याला उपकरण कशास हवें? हातच्या कांकणाला आरसा कशाला, असा तो भरंवसा होता.

१९१७ च्या एप्रिलांत अमेरिका पहिल्या महायुद्धांत उतरली. काडतुसांची मागणी एकदम वाढली आणि घाईनें केलेल्या मालांत कांहीं काडतुसांचें पितळी बूड मऊ निघालें. अशा काडतुसाचें बूड फाटून पेटलेला वायु मागें घुसला, तर चांगला रिसीव्हर फार तर फुगावयाचा किंवा वांकावयाचा. पण त्या वर्षीं कांहीं रायफलींचे रिसीव्हर वांकले नाहींत. त्यांचे तुकडे उडाले. चौकशी सुरू झाली. भट्ट्यांजवळ प्रथमच उष्णतामापक उपकरणें लावण्यांत आलीं, आणि जें आढळलें त्यानें तज्ज्ञही थक्क झाले. कारागीर ज्याला योग्य रंग म्हणत होते, त्या रंगाचें पोलाद ठरलेल्या मर्यादेपेक्षां कधीं कधीं ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत अधिक तापलेलें असे.

हा फरक कशानें पडे? तर आकाशानें! ढगाळ दिवशीं कारखान्यांत अंधार असतां तापलेलें पोलाद झगझगीत दिसे आणि कारागीर तें वेळींच बाहेर काढी. लख्ख ऊन पडलें असतां तेंच पोलाद, तेवढ्याच उष्णतेवर, मंद वाटे. म्हणून तो तें आणखी तापूं देई. दिवा दुपारीं निस्तेज दिसतो आणि मध्यरात्रीं डोळे दिपवितो, हें आपण रोज पाहतों. पण त्या पाहण्याचा अर्थ कोणी भट्टीला लावून पाहिला नव्हता. अति तापलेलें पोलाद आंतून जळतें, त्याचे कण भरड होतात, आणि तें ठिसूळ बनतें. यांत कारागीर आळशी नव्हता, अप्रामाणिक नव्हता, अडाणीही नव्हता. तो आपल्या विद्येंत निष्णात होता. आणि त्या निष्णातपणावरील विश्वासच येथें घातक ठरला.

उपाय तांतडीनें झाला. पोलाद दोन वेळां तापवून पाणी देण्याची नवी रीत, मोजलेल्या उष्णतेवर, स्प्रिंगफील्ड येथें १९१८ च्या फेब्रुवारींत आणि रॉक आयलंड येथें त्याच वर्षीं मे महिन्यांत सुरू झाली. आरंभीं सांगितलेले दोन आंकडे हेच या बदलाचे सीमास्तंभ होत.

परंतु सीमेच्या अलीकडे दहा लाखांहून अधिक रायफली तयार होऊन बसल्या होत्या. त्यांचें काय करावयाचें? त्यांतील बहुसंख्य निर्दोष असणार, कारण सगळेच दिवस उन्हाचे नव्हते. पण निर्दोष कोणती आणि सदोष कोणती, हें ओळखावें कसें? शस्त्रशाळेंतून बाहेर पडण्यापूर्वीं प्रत्येक रायफलींत नेहमींपेक्षां जोरदार काडतूस झाडून तिची परीक्षा घेतलेली असे. फुटलेल्या रायफलीही ती परीक्षा उतरलेल्याच होत्या. जळालेलें पोलाद पुन्हां तापवून पूर्ववत् होण्याचीही खात्री नव्हती. १९१७ ते १९२९ या काळांत फुटलेल्या ६८ रिसीव्हरांची नोंद जनरल ज्यूलियन हॅचर यांनीं पुढें १९४७ सालीं आपल्या पुस्तकांत दिली. म्हणजे हिशेबानें सोळा हजारांत एक. लष्करानें १९२८ च्या सुमारास असें ठरविलें कीं, या रायफली नव्यानें कोणाला देऊं नयेत, युद्धकाळासाठीं राखून ठेवाव्या, आणि ज्या दुरुस्तीला येतील त्यांचे रिसीव्हर मोडींत काढावे. मनुष्यांचा जीव आणि सरकारी तिजोरी यांच्यामध्यें काढलेली ही वाट होती. ती योग्य होती किंवा नाहीं, याचा वाद अद्यापि मिटलेला नाहीं.

पुढें १९३६ सालीं गॅरंड नांवाची स्वयंभरणी रायफल आली आणि स्प्रिंगफील्ड हळूहळू निवृत्त झाली. तथापि १९४२ सालीं ग्वादालकॅनाल बेटावर उतरलेल्या अमेरिकन मरीन शिपायांच्या खांद्यावर तीच होती. लष्करानें हजारों रायफली नागरिकांना विकल्या. पुष्कळांनीं शिकारीच्या सोयीसाठीं त्यांचे दस्ते कापले, लाकूड तासलें, नवीन झिलई चढविली. आज संग्राहक या कृत्याला हळहळतात. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याप्रमाणें १८९८ वा त्यापूर्वीं घडलेली बंदूकच पुराणवस्तु ठरते. त्या हिशेबानें स्प्रिंगफील्ड पांच वर्षांनीं धाकटी पडते. पण संग्राहकाच्या लेखीं ती जुन्या दप्तरांतील एखाद्या अस्सल कागदासारखी आहे. दस्त्यावर तपासनिसाच्या आद्याक्षरांचा शिक्का असतो. नळीवर माशीच्या मागें शस्त्रशाळेचीं अक्षरें, महिना आणि साल असतें. उत्साही मनुष्य सँडपेपर घेऊन बसला कीं, एका संध्याकाळीं लाकूड सुंदर होतें आणि शिक्का कायमचा पुसला जातो. म्हणून जाणत्यांची रीत अशी कीं, मळ काढावा, जवसाचें तेल चोळावें, गंज थांबवावा, आणि तेथेंच हात आवरावा. जीर्णोद्धार म्हणजे नवें करणें नव्हे. उरलें आहे तें राखणें होय.

झाडण्याचा मोह मात्र निराळा. कांहीं नेमबाज म्हणतात, ‘शंभर वर्षें जी फुटली नाहीं, ती आजच कां फुटेल?’ या प्रश्नांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण काडतुसाचें बूड फाटण्याचा प्रसंग त्या रायफलीवर आजवर आलाच नसेल, तर शंभर वर्षांची साक्ष कांहींच सिद्ध करीत नाहीं. शिवाय बोल्ट एका रायफलींतून दुसरींत सहज जातो आणि त्यावर सहसा क्रमांक नसतो. म्हणून पुढच्या क्रमांकाच्या रायफलींतही जुना, ठिसूळ बोल्ट असूं शकतो. नागरी नेमबाजीला उत्तेजन देणारी आणि जुन्या रायफलींच्या शर्यती भरविणारी तेथील प्रमुख संस्थाही या क्रमांकांच्या रायफली झाडूं नयेत असाच सल्ला देते.

स्प्रिंगफील्डची शस्त्रशाळा १९६८ सालीं बंद झाली; तेथें आतां संग्रहालय आहे. ज्या भट्टीपुढें तो कारागीर उभा राहून ‘पुरे’ म्हणत असे, ती थंड झाली. त्याची चूक मात्र कोठें तरी एखाद्या दिवाणखान्यांत, तेल लावलेल्या, सुंदर, निमूट रायफलीच्या पोटांत अजून तशीच आहे. ज्या डोळ्यांनीं ती घडविली, त्या डोळ्यांना ती दिसली नाहीं. आपल्या डोळ्यांनाही ती दिसत नाहीं. आपणांजवळ त्या कारागिरापेक्षां अधिक आहे तें एवढेंच, कीं आपणांस तो आंकडा ठाऊक आहे. तो वाचून जो संग्राहक रायफल पुन्हां कपाटांत ठेवतो, त्याला कोणी भित्रा म्हणूं नये. आपल्या डोळ्यांवर किती विसंबावें, हें तो त्या कारागिराच्या चुकीपासून शिकला आहे.