पाणीमहालाचा गारवा

वर्षातून चार-दोन दिवसच वापरायची वास्तू गार कशी ठेवायची? सोलापूरकरांना हा प्रश्न नवा नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. एरवी कुलूपबंद असलेले सभागृह कविसंमेलनासाठी उघडावे, तर आत भट्टी! घाम पुसणाऱ्या श्रोत्यांपुढे कविता वाचण्याचे भाग्य मला अनेकदा लाभले आहे.

या प्रश्नाचे एक जुने उत्तर आपल्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, नळदुर्गच्या किल्ल्यात उभे आहे. विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा याच्या कारकिर्दीत, १६१३ साली, बोरी नदीवर दगडी बंधारा झाला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल. शिलालेखात बांधणाऱ्याचे नाव मीर महंमद इमादीन असे आहे. सुलतान स्वतः कवी, संगीताचा दर्दी. पण त्याची राजधानी विजापूर. तेव्हा हा महाल काही त्याच्या रोजच्या राबत्याचा नव्हता.

पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते, ते पाहायला गर्दी लोटते. मला मात्र मे महिन्यातला महाल अधिक शहाणा वाटतो. तेव्हा सांडवे कोरडे असतात. कामाला येतो तो बंधाऱ्याचा जाड दगड आणि त्यामागे साठलेले पाणी. दोन्ही सावकाश तापतात. शिवाय बंधारा किल्ल्याच्या पाण्यासाठी हवाच होता. सुलतान येवो न येवो, त्याचे काम चालूच. गारवा ही त्या कामाची वरकमाई!

आपल्या जुन्या वाड्यांवरचे मातीचे माळवदही असेच ऊन अडवून धरायचे. उलट आजच्या सभागृहाचे छत पत्र्याचे, खिडक्या बंद काचांच्या. वातानुकूलन यंत्राला आधी तापलेल्या भिंती, छत आणि खुर्च्या निववाव्या लागतात. माणसांची पाळी शेवटी येते.

युरोपात थंडीचे दुखणे उलटे होते. आठवड्यातून एकदा भरणारे दगडी चर्च तापवणे कठीण, म्हणून लोक निखाऱ्यांची छोटी पेटी पायाखाली घेऊन बसत. इमारत नव्हे, माणूस ऊबदार ठेवायचा. आपला वाळ्याचा ओला पडदाही तेच करतो: पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते. कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम, दमट श्रावणात निरुपयोगी.

आणि आमची ईदगाह? वर्षातून दोनदा भरते. तिला छप्परच नसते. ऊन चढण्याआधी नमाज आटोपते. काही वेळा योग्य वेळ निवडणे हेही बांधकामाइतकेच मोलाचे.

लोकांच्या पैशातून सभागृह बांधायचे आणि विजेचे बिल परवडत नाही म्हणून ते बंद ठेवायचे, यात कुणाचेच भले नाही. नवा आराखडा मांडताना एवढेच विचारावे: आत कोणी नसेल त्या दिवशी ही वास्तू ऊन साठवील, की अडवील? सोलापुरात तरी खुर्च्यांच्या संख्येआधी हा प्रश्न यायला हवा.