वेबपेजच्या स्क्रिप्टने ब्राउझरच्या टूलबारला हात लावावा का?

डहाणू रोडला माझ्या मामीची चिकूची वाडी आहे. गेल्या वर्षी तिच्या फोनवर मेसेज आला की बँकेची केवायसी अपूर्ण आहे, आज रात्री खातं बंद होणार. लिंक उघडली तर वर भलीमोठी सूचना आणि "खाली जाऊन माहिती भरा". मामी खाली गेली, ग्राहक क्रमांक टाकला, पासवर्ड टाकला आणि ओटीपी टाकायच्या आधी मला म्हणाली, "बघ रे, बँकेचाच पत्ता आहे ना हा?"

वर पत्ता अगदी बरोबर होता. शेजारी कुलूपही होतं. माझं लक्ष गेलं ते टॅबच्या चौकोनाकडे. मामी टॅब कधीच बंद करत नाही. १०० टॅब झाले की अँड्रॉइडवरचा क्रोम आकडा सोडून देतो आणि तिथे कोलन आणि डीचं हसरं तोंड दाखवतो. तिच्या फोनवर ते कायम असतं. आज तिथे ३ होते.

फोन लॉक करून परत उघडला. खरा अ‍ॅड्रेस बार वरून खाली आला, त्यात कुठलातरी अगम्य पत्ता. आणि त्याच्या खाली बँकेचा बार तसाच! म्हणजे एकाखाली एक दोन बार. खालचा नुसतं चित्र होता. आम्ही लगेच बँकेला फोन करून नेटबँकिंग बंद करून घेतलं, म्हणून पैसे वाचले.

आता मुद्द्यावर येऊ. तुमच्या स्क्रीनचे दोन मालक असतात. मधला भाग वेबपेजचा. तिथे त्या साइटची जावास्क्रिप्ट काय वाटेल ते काढू शकते. वरची पट्टी, म्हणजे पत्ता, टॅब, तीन ठिपके, ही ब्राउझरची. आपल्या स्टेशनवरचा फलाट आठवा. स्टॉलवाला स्वतःच्या स्टॉलवर हवा तो बोर्ड लावेल, हवा तो रंग देईल. पण विरार लोकल किती वाजता सुटणार हे सांगणारा इंडिकेटर रेल्वेचा. त्यावर स्टॉलवाल्याला लिहू दिलं तर गाडी चुकणार ती तुमची.

सुरुवातीला ही रेघ एवढी पक्की नव्हती. जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझरमध्ये आली, आणि नवी विंडो उघडताना स्क्रिप्ट सरळ सांगू शकत होती की टूलबार नको, पत्ता नको, मेनू नको. हेतू वाईट नव्हता. तेव्हाचे मॉनिटर छोटे, एखादं कॅल्क्युलेटर किंवा चॅटची खिडकी सुटसुटीत दिसावी एवढंच. पण पत्ताच दिसत नसेल तर ती खिडकी कोणाची, हे कळणार कसं? त्यात खालच्या स्टेटस बारमध्येही स्क्रिप्ट हवं ते लिहू शकायची. लिंकवर माउस नेला की दिसणार एक पत्ता आणि उघडणार दुसराच.

भामट्यांनी याचा पुरेपूर फायदा घेतला. मग दारं एकेक करून बंद झाली. ऑगस्ट २००४ मध्ये विंडोज एक्सपीचं सर्व्हिस पॅक २ आलं आणि पॉपअपचा स्टेटस बार लपवायची सोय काढून घेतली गेली. ऑक्टोबर २००६ मधल्या इंटरनेट एक्सप्लोरर ७ ने प्रत्येक खिडकीत अ‍ॅड्रेस बार सक्तीचा केला. आज स्क्रिप्टने "टूलबार नको" असं म्हटलं तर ब्राउझर त्याचा अर्थ फार तर "छोटी खिडकी उघड" एवढाच घेतो.

तरी थोडी मोकळीक आहे. टॅबचं नाव आणि छोटं चित्र साइट ठरवते. २०१४ पासून अँड्रॉइडच्या क्रोममध्ये ती वरच्या पट्टीला स्वतःचा रंग देऊ शकते. पत्त्याचा मागचा भाग बदलू शकते, पण फक्त स्वतःच्याच साइटच्या आत. फुलस्क्रीन मागू शकते, पण तुम्ही कुठेतरी टॅप केल्यावरच, आणि तेव्हा ब्राउझर स्वतःची सूचना दाखवतो. ती सूचना न वाचता घालवू नका. तेवढ्या दोन सेकंदांसाठीच ती असते.

मग मामीचा खोटा बार आला कुठून? गंमत म्हणजे त्या स्क्रिप्टने टूलबारला हातच लावला नव्हता! फोनवर जागा कमी, म्हणून खाली स्क्रोल केलं की क्रोम आपली पट्टी स्वतःहून लपवतो. एप्रिल २०१९ मध्ये जिम फिशर या प्रोग्रामरने दाखवून दिलं की त्या क्षणी पेज रिकाम्या जागेत हुबेहूब पट्टीचं चित्र लावू शकतं. वर स्क्रोल केलं की खरी पट्टी परत यायला हवी, तर तिथे त्याने पेजच्या आत दुसरं स्क्रोल होणारं पेज ठेवलं. तुम्हाला वाटतं पेज वर चाललंय, क्रोमच्या हिशेबाने ते जागचं हललेलंच नाही. इंडिकेटर घडी घालून ठेवला आणि स्टॉलवाल्याने तिथे स्वतःचा टांगला, असा प्रकार. त्यामुळे मामीच्या बाबतीत मी दोष निम्मा त्या भामट्याला देतो आणि निम्मा पट्टी लपवण्याच्या या सवयीला.

उलट बाजूही खरी आहे. गेम खेळताना, वारली चित्रं मोठी करून बघताना वरची पट्टी नकोशी होते. होम स्क्रीनवर टाकलेलं वेब अ‍ॅप पट्टीशिवायच उघडतं आणि ते बरंच वाटतं. माझं मत असं: स्क्रिप्टने मागावं, द्यायचं की नाही ते ब्राउझरने ठरवावं, आणि परवानगी दिल्याची खूण स्क्रीनवर राहावी. रंग ठीक. पण पट्टीवर लिहिणं, ती झाकणं, किंवा त्यातलं वाचणं, म्हणजे तुमचे बाकीचे टॅब, बुकमार्क, हिस्टरी, यातलं काहीही कुठल्याही साइटला मिळू नये. एक्स्टेन्शनची गोष्ट वेगळी, ती तुम्ही स्वतः बसवता आणि परवानगीही तुम्हीच देता. (न वाचता देता, तो विषय परत कधीतरी.)

हे आत्ता जास्त महत्त्वाचं आहे, कारण रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत "डॉट बँक डॉट इन" या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. हे नाव फक्त बँकांनाच मिळतं, म्हणून ओळखायला सोपं. पत्ता शेवटाकडून वाचा. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी "बँक डॉट इन" हेच शेवटी हवं, त्यानंतर आणखी काही चिकटलेलं नको. पण हे सगळं पट्टी खरी असेल तरच. कुलुपाचं मनावर घेऊ नका. त्याचा अर्थ जोडणी सुरक्षित आहे एवढाच होता, समोरचा प्रामाणिक आहे असा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्ह काढून तिथे सेटिंगसारखं चिन्ह आणलं. मामीच्या खोट्या बारवर अजून जुनं कुलूपच होतं, चित्र बदलायचा आळस असणार.

शंका आली तर फोन लॉक करून उघडा आणि वर काय दिसतं ते बघा. त्याहून बरं म्हणजे लिंक सोडून द्या आणि नव्या टॅबमध्ये पत्ता हाताने टाइप करा. पैसे गेलेच तर १९३० वर ताबडतोब फोन करा, सकाळपर्यंत थांबू नका.

त्या दिवशी मी मामीला म्हटलं, आता हे शंभर टॅब बंद करून देतो. तिने फोन हातातून काढून घेतला.