ब्रेक झिजत नाही, मग बिघडतो कसा?

मी राजगुरुनगरचा, म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेत खेडचा. आमच्याकडे बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी चाकणला कामाला, त्यामुळे गाड्यांच्या गप्पांना तोटा नाही. सध्या हायब्रिड घेतलेला प्रत्येक जण एकच सांगतो, "हिचे ब्रेक पॅड झिजतच नाहीत." बऱ्याच अंशी खरंय ते. पण ही करामत हायब्रिडसोबत आलेली नाही. आपल्या बोरघाटात ती शंभरेक वर्षांपूर्वीच येऊन बसलीय.

बोरघाटातली रेल्वे 1863 ची. उतार 37 ला 1, म्हणजे 37 फूट पुढे गेलं की गाडी एक फूट खाली. चढताना इंजिनाचा दम निघायचा, पण खरी भीती उतरताना. लोखंडी ठोकळे चाकावर दाबून धरायचे, ते तापायचे, झिजायचे. ब्रेक लागलाच नाही तर गाडी वळवून थांबवायला डोंगराकडे चढणारे फाटे ठेवलेले असत. कॅच सायडिंग म्हणतात त्यांना.

मग वीज आली. जीआयपी रेल्वेने 1929 मध्ये पुण्यापर्यंत विजेवर गाड्या आणल्या. मालगाड्यांसाठी ईएफ/1 नावाची इंजिनं होती, पुढे त्यांना डब्ल्यूसीजी-1 म्हणू लागले. लांब नाकाची, वळणावर अंग मुरडणारी. लोकांनी नाव ठेवलं 'खेकडा'. (मला हे नाव कंपनीच्या नंबरापेक्षा कधीही जास्त आवडतं.)

या खेकड्याची गंमत बघा. मोटरला वीज दिली की ती चाक फिरवते. उलट चाकानेच मोटर फिरवली, तर ती वीज तयार करते आणि तसं करताना चाकाला मागे ओढते. उतरणाऱ्या गाडीची वीज 1500 व्होल्टच्या तारेत परत जायची आणि जवळपास चढणारी गाडी ती वापरायची. ठोकळ्यांवरचा भार हलका. यालाच रीजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात.

आता नीट ऐका. इतकं करूनही रेल्वेने जुना ब्रेक वाऱ्यावर सोडला नाही. घाट उतरणाऱ्या गाड्या मंकी हिलसारख्या ठिकाणी का थांबतात? चिक्कीसाठी नाही, ब्रेक तपासायला! कारण ती वीज घ्यायला समोर कुणीतरी लागतं. घेणारं नसेल तर मोटरचा ब्रेक ढिला पडतो आणि सगळं पुन्हा ठोकळ्यांवर येतं.

कारमध्ये वीज घेणारी म्हणजे बॅटरी. 1997 मध्ये जपानमध्ये टोयोटा प्रियस आली तेव्हापासून हेच गणित आहे. हायब्रिडची बॅटरी छोटी असते. भीमाशंकरहून खाली येताना ती भरली, की पुढचा उतार इंजिन आणि डिस्कच्या जिवावर. दोन ब्रेकमधली ही अदलाबदल सोपी नाही. 2010 मध्ये टोयोटाने जगभरातून 4 लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या होत्या. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर ब्रेक क्षणभर हरवल्यासारखा वाटायचा. उपाय होता सॉफ्टवेअरमध्ये.

आणि आपल्याकडे? चाकणच्या तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते, डिस्कला पॅड लागतो तो शेवटी, गाडी थांबता थांबता. मग गाडी शिफ्टभर पावसात उभी. साध्या गाडीत डिस्कवरचा गंज दोन-चार ब्रेकमध्ये घासून जातो. हायब्रिडमध्ये तो घासायला पॅड पुरेसा दाबलाच जात नाही. गंज खोल जातो, डिस्क खडबडीत होते. कॅलिपरच्या पिना चिखलाने जाम होतात आणि एकाच बाजूचा पॅड टेकून राहतो. पॅड जाड, पण ब्रेक बेकार. तो जोरात लागतो कधी? कुत्रं आडवं आल्यावर, म्हणजे नेमकं नको तेव्हा कळतं.

ब्रेक ऑइलचंही तसंच. ते हवेतलं पाणी शोषतं, गाडी किती धावली याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. बहुतेक मॅन्युअलमध्ये दोनेक वर्षांनी बदला असं लिहिलेलं असतं, तुमच्या गाडीचं तेवढं पान काढून वाचा. सर्व्हिसला "पॅड बरेच आहेत" असं सांगितलं तर तेवढ्यावर उठू नका. चाक उतरवून पिना साफ करून ग्रीस लावायला सांगा, आणि डिस्कच्या आतल्या बाजूचा फोटो मागा. बाहेरची बाजू चकचकीत असते, गंज बऱ्याचदा आत असतो.